पहिला टप्पा

फळ्यावर रॉकेट काढायचं तर
मी खालून वर काढते, सगळेच काढतात तसं.
येव्स्ताफी वरून खाली काढायचा.
माझा भाऊ. सातवीतून शाळा सोडलेला.
त्याच्या लेखी रॉकेट म्हणजे
आभाळातून दलदलीत येणारी एक वस्तू.

प्लेसेत्स्कहून उडालं की
आमच्या मेझेनकाठी आधी कुत्री गप्प होतात.
मग ढगांमागून उजेड सरकतो,
आणि बऱ्याच वेळाने आवाज,
लांबच्या गोदामाचं दार कुणी ओढून घ्यावं तसा.
दोन मिनिटं, फार तर थोडी जास्त,
पहिला टप्पा जळतो.
हवेचा सगळ्यात दाट थर त्याच्या वाट्याला,
सगळ्यात जड ओझंही त्याच्याच.
मग कडी निघते. तो सुटतो,
रिकामा, अजून गरम,
आणि मोजणारे सगळे वर बघत असतात.

मार्चमध्ये, बर्फ माणसाचं वजन पेलतोय तोवर,
येव्स्ताफी स्लेज घेऊन निघायचा.
करवत, कुऱ्हाड, राईची भाकरी.
पत्र्याची पारख नाकाने.
केरोसीनचा वास आला तर कापायला घ्यायचं.
कुजक्या मासळीचा आला,
जिथे दहा कोसांत पाणी नाही तिथे मासळीचा,
तर श्वास धरून मागे फिरायचं,
वारा कुठून येतोय ते बघून.
हे त्यानेच पोरांना शिकवलेलं.
एकदा तो स्वतः मागे फिरला नाही.
पत्रा फार चांगला होता, म्हणाला.

त्याची होडी झाली.
चौदा हात लांब, सुरीसारखी अरुंद,
एकट्याने ओढून काठावर घेता येईल इतकी हलकी.
आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा होता,
खाली घाईतली सही: तपासलं.
कुठल्या तरी कारखान्यातली बाई असणार,
पाळी संपत आलेली, पाय दुखत असलेले.
एवढ्या आगीतून ती पेन्सिल कशी वाचली
हे मला आजही सांगता येत नाही,
आणि मी भौतिकशास्त्र शिकवते.
येव्स्ताफीने तेवढा भाग घासला नाही.
तपासलंय तर असू दे, म्हणाला.

तेव्हा क्लबातल्या टीव्हीवर
मॉस्कोचं फिगर स्केटिंग दिसायचं.
मी त्याला समजावलं होतं:
तो उपग्रह लांबट वाटेने फिरतो,
दक्षिणेकडे पाय ठेवतो न ठेवतो तोच निघतो
आणि उत्तरेवर येऊन रेंगाळतो,
बारा तासांतले आठ तास,
माहेरी आलेल्या लेकीसारखा.
येव्स्ताफी होडीवर थाप मारून म्हणायचा,
हिनेच पोचवलं त्याला.
एक भाऊ शहरात, एक नदीवर.
तसं नव्हतं.
मासळीच्या वासाची रॉकेटं वेगळी, मला ठाऊक होतं.
मी सुधारलं नाही.
वर्गात एवढी सूट मी कुणाला देत नाही.

तो गेला तेव्हा डॉक्टरने
कारणाच्या रकान्यात एक साधा शब्द लिहिला.
मी दोनदा वाचला.

यंदा नववीला संवेग शिकवायचा होता.
सगळ्यांना नदीवर नेलं, होडी काठापासून हातभर लांब धरली.
सेराफिमला म्हटलं, मार उडी.
तो पुढे गेला तेवढी होडी मागे सरकली,
अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे,
वजनाच्या हिशेबात.
दोर बांधायचा राहून गेला होता.

पोरं सेराफिमभोवती गोळा झाली,
त्याचा एक बूट चिखलात रुतलेला, हशा,
अग्राफेना वहीत बाण काढत होती, पुढचा बाण.
होडी प्रवाहाला लागली.
मी गमबुटांसकट पाण्यात उतरले.